सोन्याच्या काड्या होईनात

कुमुदिनी हळबे बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाली, तेव्हा मद्रासजवळच्या आवडी या गावच्या क्वार्टर्समधल्या बायकांना वाटलं, हिची नोकरी गेली. तसं काही नव्हतं. अण्णा नगरच्या एका मुलींच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवत होती आणि पीएच.डी. करण्यासाठी तिला तीन वर्षांची रजा मिळाली होती. नवरा उमाकांत आवडीच्याच संरक्षण कारखान्यात फोरमन, मुलगी ऊर्मी केंद्रीय विद्यालयात सातवीत. लग्न होऊन मिरजेहून आली ती इथेच रुळली, तरी परत महाराष्ट्रात जायचं हे घरात ठरलेलं होतं. उमाकांत दरवर्षी बदलीचा अर्ज करायचा आणि दरवर्षी तो नामंजूर व्हायचा. त्याचीही आता सवय झाली होती.

रोज सकाळी लोकलने, मग बसने ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोचायची. तिथे ती काय करते हे ऊर्मीने एकदा विचारलं.

"सोन्याचे कण करते. इतके बारीक की हजारो एका रांगेत ठेवले तरी केसाच्या जाडीएवढे भरायचे नाहीत."

"मग दिसतात कसे?"

"कण दिसत नाहीत, रंग दिसतो. कण गोल असला तर पाणी लाल. तांदळाच्या दाण्यासारखा लांबट झाला तर निळं. आणखी लांब झाला की हिरवट, मग तपकिरी."

"अम्मा, पण सोनं तर सोनेरी असतं ना?"

"एवढं लहान झालं की नसतं," कुमुदिनी म्हणाली, आणि तिला स्वतःलाच ते पुन्हा एकदा नवल वाटलं.

तिला करायच्या होत्या काड्या. सगळ्या एकाच लांबीच्या, एकाच जाडीच्या. लांबी आपण ठरवायची म्हणजे कुठल्या रंगाचा प्रकाश ती काडी शोषणार हेही आपणच ठरवायचं. शरीराच्या आतपर्यंत पोचणारा लालापलीकडचा प्रकाश शोषणाऱ्या काड्या करता आल्या तर डॉक्टरांना त्यांचा उपयोग होईल, असं तिचे गाइड डॉक्टर नारायणस्वामी सांगायचे. कृती म्हटली तर सोपी होती. आधी सोन्याचं अगदी बारीक बी तयार करायचं. मग दुसऱ्या भांड्यात सोन्याचा क्षार, चांदीच्या क्षाराचे थोडे थेंब, थोडं क जीवनसत्त्व आणि साबणासारखी फेसाळणारी एक पांढरी पावडर. या पावडरीला प्रयोगशाळेत सगळे 'सीटॅब' म्हणत. ती वाढणाऱ्या कणाला बाजूंनी आवळून धरते, त्यामुळे तो गोल न होता लांब होतो, असं समजलं जाई. या मिश्रणात बी टाकायचं आणि वाट पाहायची.

२००४ च्या डिसेंबरात तिला ते साधलं. स्टँडवर परीक्षानळ्यांची रांग उभी राहिली: जांभळी, निळी, हिरवट, तपकिरी. प्रकाश मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखावर गोल कणांची एकच टेकडी येते. इथे प्रत्येक नळीला दुसरी टेकडी होती आणि ती नळीगणिक उजवीकडे सरकत होती. नारायणस्वामी सरांनी शेजारच्या विभागातल्या लोकांना बोलावून ती रांग दाखवली. "मिसेस हळबे यांचं काम," असं ते प्रत्येकाला सांगत होते. त्या दिवशी तिने घरी जाऊन शिरा केला आणि कारण विचारल्यावर सांगितलं नाही.

जानेवारीत पोंगलच्या सुट्टीनंतर तिने तीच कृती पुन्हा केली. मिश्रण दहा मिनिटांत गुलाबी झालं, मग लाल. ग्लासात ओतलं असतं तर कोणीही कोकम सरबत म्हणून प्यायलं असतं. आलेखावर एकच टेकडी. सगळे कण गोल.

काही तरी चुकलं असेल म्हणून तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. लाल. त्या आठवड्यात रोज केलं. रोज लाल.

मग सल्ले सुरू झाले. पाणी बघा, म्हणाला एक जण. मद्रासच्या पाण्याचं नाव निघालं की सगळ्यांना पटतं. तिने दुसऱ्या विभागातून दोनदा ऊर्ध्वपातन केलेलं पाणी आणलं. लाल. काचेची भांडी बघा. तिने ती सोनंही विरघळवणाऱ्या अम्लराजात बुडवून काढली, इतकी की हातमोज्यांतूनही बोटांना वास राहिला. लाल. एसीचा झोत थेट टेबलावर येतो, सीटॅब गारठत असेल. तिने भांडी कोमट पाण्यात ठेवली. लाल. चांदीच्या क्षाराला उजेड लागला असेल. नवा क्षार, काळ्या कागदात गुंडाळलेला. लाल. सोन्याचा क्षार हवेतली ओल धरतो म्हणून सरांनी स्वतः शेजारी उभं राहून तिच्याकडून वजन करून घेतलं. तेव्हाही लाल.

असं होत राहिलं की माणूस भलत्या गोष्टींकडे बघायला लागतो. डिसेंबरात आपण कुठली साडी नेसत होतो, हे ती एकदा बसमध्ये आठवत बसली. आठवलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी तीच नेसून गेली. सोनं लालच झालं.

सर्वांत वाईट हे होतं की ती डिसेंबरातल्या नळ्यांवरही संशय घेऊ लागली. त्या खरंच झाल्या होत्या का? आपण त्या दिवशी कृती सोडून काही तरी केलं आणि आपल्याच लक्षात नाही, असं तर नाही?

तिच्या शेजारच्या बाकावर संयुक्ता बसायची. वेस्ट मांबलमची, तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातली, पंचविशीची मुलगी. नोव्हेंबरात आली होती आणि तिचा विषय वेगळा होता. पहिल्या दिवशी कुमुदिनी मराठी आहे हे कळल्यावर ती आनंदाने म्हणाली होती, "अक्का, तुम्ही आमचींच म्हणा कीं!" त्यानंतर ती जे बोलली त्यातलं अर्धं कुमुदिनीला कळलं नव्हतं. संयुक्ताचं मराठी जुन्या पोथीतलं वाटायचं आणि चाल तमिळची. कुमुदिनी भरभर बोलली की संयुक्ता गोंधळून इंग्रजीत शिरायची. दोघी मराठी, पण महत्त्वाचं काही असलं की इंग्रजीत बोलत.

मार्चमध्ये सरांनी संयुक्ताला सांगितलं, "तू एकदा करून बघ."

संयुक्ताने केलं. तिच्या नळीत आधी काहीच झालं नाही, मग हळूहळू निळसर छटा आली आणि गडद होत गेली. आलेखावर दुसरी टेकडी, स्वच्छ. काड्या झाल्या होत्या, पहिल्याच झटक्यात.

संयुक्ताच रडकुंडीला आली. "अक्का, मी कांहीं वेगळं केलें नाहीं. खरंच नाहीं."

"मला माहीत आहे गं," कुमुदिनी म्हणाली. पण तिला काहीच माहीत नव्हतं.

दुपारी सरांनी तिला खोलीत बोलावलं. नारायणस्वामी वाईट माणूस नव्हते. तिला बसायला सांगून त्यांनी कॉफी मागवली. "मनाला लावून घेऊ नका. काही प्रयोग हाताचे असतात. एकाच कृतीची रसम दोन घरांत एकसारखी होते का? काड्यांचं काम संयुक्ता पुढे नेईल. तुम्ही गोल कणांवर प्रबंध करा. ते तुमचे उत्तम होतात."

ते कौतुक होतं की दया, हे तिला ठरवता येईना. "विचार करते," एवढंच बोलून ती उठली.

घरी पोचली तर उमाकांत दारातच उभा होता, हसत. हातात एक कागद. बदलीचा हुकूम. देहूरोड! इतकी वर्षं मागितलं ते आज मिळालं होतं, जूनपासून. त्याचा मिरजेला फोनही करून झाला होता. ऊर्मी मात्र आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडली होती. तिच्या सगळ्या मैत्रिणी इथल्या होत्या, आणि रागावली की ती तमिळमध्येच भांडायची. मराठी पुस्तक तर तिला अक्षर लावत वाचावं लागायचं.

कुमुदिनीने हुकूम वाचला आणि पर्स न काढताच खुर्चीवर बसली.

"काय झालं?" उमाकांतने विचारलं.

"काड्या झाल्या. पण माझ्या नाहीत." तिने सगळं सांगितलं.

उमाकांतने तिच्या हातातला हुकूम घेऊन टेबलावर ठेवला. "मग तर बरंच झालं की. सोड ते. तिकडे कॉलेजं काय कमी आहेत?"

"आता सोडलं तर मला जमलं नाही म्हणून सोडलं असं होईल."

"आणि नाही सोडलं तर?"

"तरी कदाचित तसंच होईल."

"कुमुद, तू म्हणशील ते करू. पण काही तरी म्हण."

"मला काहीच म्हणता येत नाहीये," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. पुढचे काही दिवस ती स्वयंपाक करताना मिठाचा डबा हातात घेऊन उभी राहायची आणि मीठ घातलं की नाही हे तिला आठवायचं नाही.

सरांना उत्तर द्यायच्या आदल्या दिवशी तिने संयुक्ताला डब्याच्या सुट्टीत धरलं. "उद्या मी ते काम सोडणार. पण सोडायच्या आधी मला एक बघायचंय. तू माझ्या बाकावर माझ्या वस्तू घेऊन कर. मी तुझ्या बाकावर तुझ्या वस्तू घेऊन करते."

"सुम्मा जागा बदलायची?"

"नुसती जागा बदलायची. बाकी सगळं आहे तसं."

दोघींनी एकाच वेळी बी टाकलं आणि पाठीला पाठ लावून बसल्या, एकमेकींच्या नळीकडे बघायचं नाही म्हणून. थोड्या वेळाने संयुक्ताचा आवाज आला, अगदी बारीक. "अक्का, माझं लाल होऊं लागलें."

कुमुदिनीच्या हातातली नळी निळी होत होती. म्हणजे हात नव्हे. वय नव्हे, डोळे नव्हेत. मग काय? बाक?

त्या दिवशी सरांना उत्तर गेलं नाही. पुढचे आठ दिवस त्या दोघींनी एकेक वस्तू इकडची तिकडे केली. आधी पाणी. मग भांडी, पिपेट, सोनं, चांदी. प्रत्येक वेळी कुमुदिनीला वाटे की हेच असणार, आणि प्रत्येक वेळी ते नसे. शेवटी उरली ती पांढरी पावडर. तिचा संशय कोणालाच आला नव्हता, कारण दोघींच्या बाटल्यांवर एकच नाव होतं आणि शुद्धता नव्याण्णव टक्के लिहिलेली होती.

संयुक्ताची पावडर कुमुदिनीने घेतली तेव्हा निळं झालं. कुमुदिनीची संयुक्ताने घेतली तेव्हा लाल.

"ही तुझी बाटली कुठली?"

संयुक्ताला आठवायला वेळ लागला. नोव्हेंबरात आली तेव्हा सारखं सारखं अक्कांच्या टेबलाशी यायला संकोच वाटतो म्हणून तिने आपल्या कामासाठी मोठ्या बरणीतली थोडी पावडर आपल्या बाटलीत भरून घेतली होती. उरलेली बरणी कुमुदिनीने डिसेंबरात संपवली आणि पोंगलनंतर नवी फोडली. नवी दुसऱ्या कंपनीची होती. पुरवठादाराकडे त्या वेळी जी होती ती त्याने पाठवली होती.

सर आधी हसले. "साबण बदलला म्हणून सोन्याचा आकार बदलत नाही. दोन्ही एकच रसायन आहे." मग त्यांनी स्वतः करून पाहिलं, दोन्ही बाटल्यांनी, आणि हसायचे थांबले. ओळखीच्या प्रयोगशाळांतून आणखी बाटल्या मागवल्या. एका कंपनीच्या पावडरीने नळी निळी झाली, दुसरीच्या पावडरीने लाल. एका कंपनीच्या एका बरणीतून काड्या झाल्या आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या बरणीतून नाही. नमुने तपासायला पाठवले. अहवाल आला की सगळे सारखेच आहेत, फरक दिसत नाही.

त्या रात्री उमाकांतने जेवताना विचारलं, "म्हणजे आता कळलं की नाही कळलं?"

"कशामुळे बिघडतं ते कळलं. त्यात काय आहे म्हणून बिघडतं ते नाही कळलं."

"म्हणजे अर्धं कळलं."

"अर्ध्याहून कमीच. आधी मला वाटत होतं, मी चुकतेय. ते निदान समजण्यासारखं होतं."

उमाकांतने हातातला घास ताटात ठेवून तिच्याकडे पाहिलं. "तू राहा," तो म्हणाला. "मी जातो पुढे. असं सोडून आलीस तर तिथे येऊनही तू इथेच असशील."

तो जूनमध्ये देहूरोडला गेला. क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा संयुक्ताच्या आईने त्यांच्या गल्लीतच, मांबलम स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दोन खोल्या पाहून दिल्या. ऊर्मी खूश होती आणि बाबा नाहीत म्हणून रडतही होती, दोन्ही एकाच संध्याकाळी. कुमुदिनीचंही फारसं वेगळं नव्हतं. रविवारी फोन आला की उमाकांत तिकडच्या हवेबद्दल सांगायचा, पिठलं-भाकरीबद्दल सांगायचा, आणि फोन ठेवल्यावर तिला प्रश्न पडायचा की आपण बरोबर केलं का. याचं उत्तर कुठल्या यंत्रावर येत नव्हतं.

चांगल्या पावडरीने तिने काड्यांचं काम पुरं केलं. लांबी ठरवून रंग, रंग ठरवून लांबी. प्रबंध लिहायला घेतला तेव्हा तिने एक प्रकरण बाटल्यांवर लिहिलं: कुठल्या बरणीतून काड्या होतात, कुठल्या बरणीतून होत नाहीत, आणि शेवटी एक वाक्य, याचं कारण आम्हाला ठाऊक नाही.

सरांनी ते प्रकरण बाजूला काढलं. "प्रबंधात जे कळलं ते लिहायचं असतं. परीक्षक विचारेल, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. एवढ्या चांगल्या कामाला डाग कशाला?"

"सर, हेच काम मी सर्वांत जास्त दिवस केलंय."

"ते बरोबर. पण त्यातून निघालं काय?"

तरी तिने ते प्रकरण काढलं नाही. का काढलं नाही हे तिला नीट सांगता आलं नसतं. सरांनी दोनदा सही थांबवली, तिसऱ्या वेळी उसासा टाकून केली.

तोंडी परीक्षा २००८ च्या फेब्रुवारीत झाली. उमाकांत रजा काढून आला होता, शेवटच्या रांगेत बसला होता. परीक्षक हैदराबादहून आलेले, पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. काड्यांच्या प्रकरणांवर त्यांनी फारसं काही विचारलं नाही. बाटल्यांच्या प्रकरणाशी आले आणि थांबले.

"याचं कारण काय?"

"माहीत नाही, सर."

"अंदाज?"

"एखादी अशुद्धी असेल, मोजता न येण्याइतकी थोडी. पण मी ते दाखवू शकलेले नाही."

नारायणस्वामी सरांनी मान खाली घातली. परीक्षक पानं मागेपुढे उलटत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. कनका. दीड वर्ष तिचं सगळं लाल होत होतं. मी तिला सांगितलं की तू हे नीट करत नाहीस." त्यांनी पुन्हा पान पाहिलं. "तिने सोडून दिलं. ही बरणी, इथे तुम्ही लिहिली आहे ती, आमच्याकडे हीच होती."

पंख्याखाली कागद फडफडत होते. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, तिने उत्तर दिलं, परीक्षा संपली, टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी ते कुमुदिनीजवळ आले. "तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी बोललो तर तिला ते समजूत घातल्यासारखं वाटेल. तुम्ही बोलाल का?"

कुमुदिनीने व्हरांड्यात उभं राहून फोन लावला. पलीकडे एक तरुण आवाज आला, मागे गाड्यांचा गोंगाट. कुमुदिनीने आपलं नाव सांगितलं, काय झालं ते इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. पलीकडचा गाड्यांचा गोंगाट कमी झाला, कनका कुठे तरी आत गेली होती.

"मॅडम," कनका म्हणाली, "म्हणजे माझं चुकत नव्हतं?"

"तुमची बरणी ती असेल तर बहुतेक नाही. खात्रीने मला सांगता येणार नाही."

"बहुतेक," कनकाने तो शब्द स्वतःशीच पुन्हा म्हटला. "मी आता विमा कंपनीत आहे. मला वाटायचं, माझ्या हातातच काही तरी आहे. घरीसुद्धा मी काचेच्या वस्तू उचलायला घाबरते."

"मीही साडी बदलून बघितली होती," ती म्हणाली. पलीकडून हसण्यासारखा आवाज आला, पण तो हसण्याचा होता की दुसरा कसला, हे तिला कळलं नाही. उमाकांत दोन कप चहा धरून दारात उभा होता. तिला डॉक्टर हळबे म्हणून हाक मारायची असं त्याने ठरवलं होतं. तिचा चेहरा पाहून त्याने नुसता कप पुढे केला.

ऊर्मीची दहावी झाली आणि त्या दोघी पुण्याला गेल्या. कुमुदिनीला चिंचवडच्या एका कॉलेजात नोकरी मिळाली. ऊर्मी वर्षभर तमिळ गाणी ऐकत बसायची, मग हळूहळू रुळली. पुढच्या वर्षी संयुक्ताने एक शोधनिबंध ई-मेलने पाठवला. परदेशातल्या लोकांनी शोधून काढलं होतं: काही बरण्यांत आयोडाइड असतं, लाखात काही भाग, एवढंसं. ते सोन्याच्या वाढणाऱ्या कणाला चिकटतं आणि तो लांब होतच नाही. कुमुदिनीने निबंध दोनदा वाचला. इतकी वर्षं हवं होतं ते उत्तर समोर होतं, आणि तिला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण एवढ्याशा कशाने तरी एक मुलगी दुसऱ्याच आयुष्यात गेली, आणि आपण मात्र शेजारच्या बाकावर कोणी तरी संकोची बसली होती म्हणून वाचलो, हे तिला कुठे ठेवावं समजेना.

तिने तो निबंध कनकाला पाठवला. उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. कनकाने आभार मानले होते. लिहिलं होतं की निबंध वाचला, समजला, आणि समजल्यावर आधी खूप रडू आलं, मग भूक लागली. आता परत संशोधनात यायचं का असं नवरा विचारतोय. काय सांगावं कळत नाही. तुम्ही काय केलं असतं, मॅडम?

कुमुदिनी उत्तर लिहायला बसली. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. मग तिने फोनच उचलला, कारण हे लिहून होण्यासारखं नव्हतं, आणि पलीकडे घंटा वाजत असताना आपण काय सांगणार आहोत याचा विचार करत राहिली.